घोले रोडवरचे घोले कोण?

पेठेतला (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:५०

मागच्या आठवड्यात घोले रोडला एका झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. शेजारी एक कुरिअरवाला पोरगा फोनवर कुणाला तरी पत्ता समजावत होता. "अहो गोळे नाही, घोले. घ घरातला. घोल मासा असतो बघा, तसं." पलीकडच्याला काही उमजेना. शेवटी "जेएम रोडच्या आतला रस्ता" म्हणून त्याने विषय मिटवला आणि माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही इथलेच दिसताय. हे घोले कोण होते हो?"

माझा जन्म शुक्रवार पेठेतला, वय एकसष्ट. पुण्याबद्दल कुणी काही विचारलं आणि मी गप्प बसलो असं सहसा होत नाही. त्या दिवशी मात्र "असतील जुन्या काळातले कुणी डॉक्टर-बिक्टर" एवढंच पुटपुटलो. डॉक्टर हे निव्वळ अंदाजपंचे होतं. ते बरोबर निघालं हे घरी येऊन वाचल्यावर कळलं.

तर डॉ. विश्राम रामजी घोले. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यातले नावाजलेले शल्यवैद्य, जोतीराव फुल्यांचे स्नेही, सत्यशोधक समाजाच्या पहिल्या फळीतले. मुलींनी शिकावं हे त्यांनी नुसतं सभेत सांगितलं नाही, स्वतःच्या मुलीला शिकवायला घेतलं. तिचं नाव काशीबाई, लाडाचं नाव बाहुली. नात्यागोत्यात आणि जातभाईंत यावरून धुसफूस होतीच. १८७७ मध्ये ही पोर गेली. वय जेमतेम आठ. लाडवातून कुटलेली काच खाऊ घातली, असं पुण्यात पिढ्यानपिढ्या सांगतात. ऐकीव गोष्ट आहे, ऐकीव म्हणूनच लिहितोय.

पण त्यानंतर बापाने जे केलं ते ऐकीव नाही. १८८० मध्ये त्यांनी लेकीच्या नावाने हौद बांधला आणि तो सगळ्या जातींना खुला ठेवला. हाच बाहुलीचा हौद.

आता नळ उघडला की पाणी येतं (म्हणजे ज्यांच्याकडे येतं त्यांच्याकडे), त्यामुळे हौद खुला ठेवण्याचं मोल चटकन लक्षात येत नाही. पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालून नळ आणले, मध्येमध्ये हवा बाहेर जायला उच्छ्वास बांधले आणि पेठापेठांतल्या हौदांत पाणी खेळवलं. काळा हौद, फडके हौद ही नावं त्यातलीच. पण कुठल्या हौदावर कुणाची घागर बुडेल हे जातीवर ठरायचं. फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यानंतर बारा वर्षांनी, मुलगी गमावलेल्या माणसाने तिच्या नावाने भर वस्तीत हे करायचं म्हणजे काय, विचार करा.

शनिवारी मुद्दाम बघायला गेलो. सिटी पोस्टाच्या परिसरात, तापकीर गल्लीच्या गर्दीत विचारत विचारत. एका दुकानदाराला म्हटलं, बाहुलीचा हौद कुठे? तो म्हणाला, "माळ पाहिजे का, एलईडीची?" शेवटी सापडला. समोर दुचाकी दाटीवाटीने लावलेल्या, वर वायरींची जाळी. दगडावर हात ठेवून दोन मिनिटं उभा राहिलो. मागून एकाने हॉर्न दिला. मग निघालो.

तेव्हापासून डोक्यात एकच. ही माणसं विसरली गेलीत म्हणावं तर नावं रोज आपल्या तोंडात आहेत. रिक्षावाल्याला सांगतो, पार्सलवर लिहितो, आधार कार्डावर छापतो. नाव पत्ता झालं आणि माणूस गेला. म्हणून हा धागा. पुण्यातली, महाराष्ट्रातली अशी माणसं लिहा, ज्यांनी इथल्या इतिहासाला वळण दिलं पण आज विचारलं तर आपण "असतील कुणी" म्हणू.

शिवाजी महाराज, फुले, टिळक, आंबेडकर नकोत, त्यांच्यावर धागे भरपूर आहेत. आणि जेएम रोडला खड्डे का पडत नाहीत ही गोष्ट कृपया नको. ती सगळ्या ग्रुपांवर पोचलेली आहे.

चहाबाज | सोमवार, रात्री १०:०४

पहिला! वाचनखूण साठवली. त्या रस्त्यावर महात्मा फुले संग्रहालय आहे, तिथे पोरांना घेऊन दहा वेळा गेलोय. घोले फुल्यांचेच मित्र हे आज कळलं. पत्ता बघा कसा जुळला.

कात्रजकर | सोमवार, रात्री १०:४१

स्वारगेटच्या ज्या चौकात आपलं निम्मं आयुष्य सिग्नलला जातं, त्याचं नाव केशवराव जेधे चौक. बसमध्ये "एक जेधे चौक" म्हणून तिकीट मागून बघा, आख्खी बस वळून बघेल.

हा माणूस म्हणजे एक कादंबरी आहे. १९२५ मध्ये दिनकरराव जवळकरांचं 'देशाचे दुश्मन' निघालं, प्रकाशक जेधे. टिळक-चिपळूणकरांवर इतकी जहाल टीका की खटला उभा राहिला आणि खालच्या कोर्टात शिक्षा झाली. अपिलात वकील कोण? बॅरिस्टर आंबेडकर. १९२६ मध्ये सगळे सुटले. जवळकर १९३२ मध्ये ऐन उमेदीत वारले. वादळासारखा माणूस, आज त्यांचं नावही कुणी घेत नाही, त्यांच्यावर वेगळा धागा काढायला हवा.

जेधे मात्र एका जागी थांबले नाहीत. काँग्रेसमध्ये गेले आणि काकासाहेब गाडगिळांबरोबर त्यांची जोडी जमली. ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादात होरपळलेल्या पुण्यात जेधे-गाडगीळ हा शब्द जोडून उच्चारला जायला लागला, हीच मोठी गोष्ट. १९४८ मध्ये शेतकरी कामगार पक्ष काढण्यात पुढे. नंतर परत काँग्रेस, परत बाहेर. धरसोड म्हणा हवं तर.

आणि आता गंमत बघा. ६ फेब्रुवारी १९५६, संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना. अध्यक्षस्थानी केशवराव जेधे. जागा कुठली? टिळक स्मारक मंदिर. तीस वर्षांपूर्वी टिळकांवरच्या पुस्तकापायी कोर्टात उभा राहिलेला माणूस टिळकांच्याच नावाच्या सभागृहात मराठी राज्याच्या लढ्याची मोट बांधतोय. आमचे आजोबा हे सांगताना दर वेळी मांडीवर थाप मारायचे.

जेधे १२ नोव्हेंबर १९५९ ला गेले. महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला. साडेपाच महिने कमी पडले.

स्वल्पविराम | सोमवार, रात्री ११:१५

माझं सदस्यनाम ज्यांच्यामुळे आहे त्यांना आणतो. मेजर थॉमस कँडी.

जुनी मराठी कागदपत्रं मोडीत सलग लिहिलेली असत. वाक्य कुठे संपलं ते वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. आज आपण जी पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्हं वापरतो ती मराठीत रुजवली कँडीसाहेबाने. १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' काढली. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामातही हा होता. १८३१ ची पहिली आवृत्ती आणि १८५७ ची दुसरी, सुमारे साठ हजार शब्दांची. कुठला तरी जुना शब्द अडला की आजही आपण मोल्सवर्थच उघडतो. पुण्याच्या पाठशाळेचा कारभारही याच्याकडे होता.

इथल्या काही सदस्यांचे प्रतिसाद वाचून कँडीसाहेब स्वर्गात डोकं धरून बसत असेल, ते सोडा.

रोखठोक | मंगळवार, सकाळी ७:३०

महाराष्ट्र घडवणाऱ्यांत इंग्रजही आले का? आनंद आहे.

सदाफुली | मंगळवार, सकाळी ९:२०

@स्वल्पविराम, कँडीचा विषय निघालाच आहे तर मला त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या एका मुलीबद्दल लिहायचंय.

१६ नोव्हेंबर १८५२ ला विश्रामबागवाड्यात फुल्यांचा सरकारतर्फे सत्कार झाला तो याच मेजर कँडीच्या हस्ते. फुल्यांच्या शाळेत बक्षीस समारंभाला कँडी आलेला असताना एक मुलगी म्हणाली, आम्हाला खाऊ नको, ग्रंथालय द्या, असं सांगतात. तीच मुक्ता साळवे. लहुजी वस्ताद साळव्यांच्या घराण्यातली.

१८५५ मध्ये, चौदा वर्षांची असताना, तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि 'ज्ञानोदय'ने तो छापला. मी पहिल्यांदा वाचला तो एमएला असताना. एक निबंध म्हणून वाचायला घेतला आणि दोनदा पुस्तक मिटून ठेवावं लागलं. लाडूखाऊ ब्राह्मण म्हणतात वेद आमचेच, मग आम्हाला धर्मच नाही का, असं ती सरळ देवालाच विचारते. ज्या धर्मात एकानेच भोगावं आणि बाकीच्यांनी तोंडाकडे बघावं तो धर्म पृथ्वीवरून नाहीसा होवो, असंही म्हणते. वय वर्षं चौदा!

त्यात एक जागा आहे. पूर्वी आमच्यापैकी कुणी तालीमखान्यापुढून गेलं तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, असं ती लिहिते. गुलटेकडी, जिथे आज मार्केट यार्ड आहे. मी त्या दिवशी मार्केट यार्डातून दोन किलो टोमॅटो, कोथिंबिरीच्या चार जुड्या घेऊन आले होते. पिशवी ओट्यावर तशीच होती.

तिच्या नावाचा रस्ता माझ्या माहितीत नाही. पेठेतला काका, तुमची व्याख्या थोडी वाढवा. ज्यांचं नाव पत्ता झालं ते निदान पत्त्यात तरी आहेत.

पेठेतला | मंगळवार, सकाळी १०:०५

@सदाफुली ताई, व्याख्या वाढवली. निबंध आजच शोधून वाचतो.

पर्वतीकर | मंगळवार, दुपारी १२:५०

रोज पहाटे पर्वती चढतो, सत्तावीस वर्षं झाली. वरच्या देवळात आपण चपला काढून सहज आत जातो. १३ ऑक्टोबर १९२९ ला याच पायऱ्यांवर अस्पृश्यांनी मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला. पां. ना. राजभोज दगडफेकीत जखमी झाले. तरुण एस. एम. जोशी सत्याग्रहींबरोबर होते. दार तेव्हा उघडलं नाही.

त्यामागचा एक माणूस पुण्याचाच, शिवराम जानबा कांबळे. १९०३ मध्ये सासवडला ५१ गावच्या महारांची सभा भरवून त्यांनी लष्कर आणि पोलिसात भरती खुली करा म्हणून सरकारकडे मागणी केली. जुलै १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढलं. बाबासाहेबांचा 'मूकनायक' १९२० चा, म्हणजे त्याच्या साडेअकरा वर्षं आधी. मुरळ्या सोडण्याच्या प्रथेविरुद्ध त्यात सातत्याने लिहिलं. पर्वती सत्याग्रहाच्या वेळी ते पन्नाशी ओलांडलेले होते.

टेकडीवर माझ्याबरोबर येणाऱ्या आठ जणांना आज विचारलं. एकालाही हे माहीत नव्हतं. आठातला मी धरला नाही, मला पाच वर्षांपूर्वीच कळलं.

रोखठोक | मंगळवार, दुपारी २:१०

धागा एकाच दिशेने चाललाय म्हणून बोलतो. राज्य काय फक्त चळवळींनी घडतं का? ज्ञान नावाची काही गोष्ट असते.

शंकर बाळकृष्ण दीक्षित घ्या. मुरूडचे, दापोलीजवळच्या. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात मास्तर. १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास' लिहिला, तोही मराठीत. वेदांगज्योतिषापासून पंचांगापर्यंत सगळा पट, प्रत्येक ग्रंथ स्वतः गणित करून तपासलेला. त्याच साली रॉबर्ट सिवेल या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांचा 'द इंडियन कॅलेंडर' निघाला. शिलालेखातली तिथी-वार आजच्या तारखेत बसवायला इतिहासवाले तो वापरत आले. दीक्षित १८९८ मध्ये पंचेचाळिशीत गेले. गडाच्या बुरुजावर उभं राहून व्हिडिओ करणाऱ्यांपैकी किती जणांना माहितीय की तारखा कुणी काढून दिल्या?

चहाबाज | मंगळवार, दुपारी २:३२

रोखठोक, हे आधीच लिहिलं असतंत तर सकाळचा टोमणा वाचला असता. दीक्षितांना +१.

वऱ्हाडी ठेचा | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

पुणेकर हो, तुमच्या गावात आमच्या बुलढान्याच्या एका बाईनं बॉम्ब छापून घेतला होता, ठावं हाये का? ताराबाई शिंदे. 'स्त्री-पुरुष तुलना', १८८२, पुण्याचा श्री शिवाजी छापखाना, प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

झालं असं की सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला भ्रूणहत्येपायी शिक्षा झाली अन् वर्तमानपत्रांनी समद्या बायकांच्या चारित्र्यावर घसरायला सुरुवात केली. ताराबाईचं डोकं फिरलं. म्हने, जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत का, चला तुलनाच करू. पुनर्विवाहाची बंदी, शास्त्रातले पतिव्रतेचे दाखले, देवांचे कारभार, कोनालाच सोडलं नाही. भाषा अशी की वाचतानी वाटते आपली मावशी अंगनात उभी राहून शेजाऱ्याले झापून राह्यली.

लोकांनी झोडपलं. फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मधी तिची बाजू घेतली. मग नव्वद वर्षं पुस्तक गायब. १९७५ मध्ये स. गं. मालश्यांनी शोधून परत छापलं तवा लोकायले समजलं. त्या एका पुस्तकानंतर तिनं दुसरं काई छापल्याचं दिसत नाही. पाचशे प्रतीतली एक कुठंतरी टिकली म्हनून बाई टिकली.

रोखठोक | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

पुस्तक वाचलंय, जबरदस्त आहे. फक्त आता कुणी सावित्रीबाईंची सहकारी शिक्षिका म्हणतात ती फातिमा शेख आणू नका. ते पात्र आपणच रचलं असं त्याबद्दल लिहिणाऱ्यानेच जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलं.

निवृत्त मास्तर | मंगळवार, रात्री ८:४०

रोखठोक साहेब, कुणी काय जाहीर केलं यापेक्षा कागद काय सांगतो ते बघू. १० ऑक्टोबर १८५६ चं सावित्रीबाईंचं जोतीरावांना पत्र आहे, नायगावहून लिहिलेलं, त्यांच्या समग्र वाङ्मयात छापलेलं. आजारी म्हणून त्या माहेरी होत्या. माझ्या मागे फातिमाला खूप त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं त्यात वाक्य आहे. शाळेचं ओझं बाई नसताना फातिमावर पडलं, हे त्यातून दिसतं.

आता दुसरी बाजू. पत्रात नुसतं "फातिमा" आहे. आडनाव नाही, जन्मतारीख नाही. त्या एका नावाभोवती पुढे जे हार-तुरे चढले त्यातलं किती कागदावर टिकतं ते ज्याने त्याने तपासावं. पण पाऊणदोनशे वर्षांपूर्वीच्या पत्रातल्या बाईला "पात्र" म्हणणं मला जमणार नाही. छत्तीस वर्षं हजेरी घेतली आहे मी. हजेरीत नाव असलं आणि माहिती नसली, तरी मूल वर्गात असतंच.

संपादक मंडळ | मंगळवार, रात्री ९:५५

जातीवरून आणि धर्मावरून वैयक्तिक शेरे असलेले तीन प्रतिसाद उडवले आहेत. विषयावर बोला.

मुळशीचा मावळा | मंगळवार, रात्री १०:३०

सेनापती बापट रोड. आता त्याला एसबी रोड म्हणतात आणि लोकांना मॉल आठवतो. बापट सेनापती कुठल्या लढाईचे, विचारा. उत्तर: मुळशीच्या.

१९२१ मध्ये टाटांच्या धरणाचं काम मुळशी खोऱ्यात सुरू झालं. मुंबईला वीज हवी होती. पन्नासेक गावं आणि आंबेमोहोराची खाचरं पाण्याखाली जाणार होती. त्या एप्रिलात रामनवमीला मावळे कामावर जाऊन बसले. आज धरणग्रस्त हा शब्द पेपरात रोज असतो, तेव्हा तो शब्दही नव्हता. धरणाच्या विरोधात इतका संघटित लढा देशात पहिलाच. गावागावात फिरून लोक उभे केले ते विनायकराव भुस्कुट्यांनी. बापट त्यांना येऊन मिळाले. बायका मोठ्या संख्येने होत्या, त्यांच्यात जाईबाई भोईर पुढे. पोलीस उचलून नेत, त्या परत येऊन बसत.

१९२४ पर्यंत ओढलं आणि हरलो. बापटांनी शेवटी हत्यार हातात घेतलं आणि सात वर्षांची सजा भोगली. आमच्या घरात याबद्दल फार बोलत नसत. पणजीचं गाव गेलं त्यात. ती मोजमापच त्या गावावरून करायची. "आपल्या खालच्या खाचराएवढं" म्हणायची, आणि ते खाचर आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. मोठ्या आजोबांनी एकदा मला धरणाच्या काठावर नेलं आणि पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले, तिथं. मी बराच वेळ बघत राहिलो, मला नुसतं पाणी दिसलं.

ते पाणी बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याला उतरतं, वीज करतं आणि कोकणाकडे जातं. पुण्याला त्याचा उपयोग नाही. बापटांचा रस्ता तेवढा पुण्यात आहे. भुस्कुटे आणि जाईबाई मात्र कुठल्याच पाटीवर मला दिसल्या नाहीत.

कात्रजकर | मंगळवार, रात्री १०:४४

त्या रस्त्यावर आठ वर्षं नोकरी केली मी. लाज वाटली वाचून.

खडकमाळ | बुधवार, सकाळी ८:१५

थोडक्यात लिहितो, कामावर जायचंय. दाखल्यासाठी आमच्या खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीत अर्धं पुणे येऊन गेलेलं असतं. इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या उमाजी नाईकांना ३ फेब्रुवारी १८३२ ला तिथेच फाशी दिलं. पुरंदरच्या पायथ्याचं भिवडी हे त्यांचं गाव. पेशवाई बुडाल्यावर रामोशांची गडाच्या राखणीची कामं आणि वतनं गेली, तिथून सगळं सुरू झालं. त्यांच्या मागावर असलेल्या मॅकिन्टॉश नावाच्या इंग्रज कॅप्टननेच नंतर रामोशांवर आख्खं पुस्तक लिहिलं. शत्रूने इतकं बारीक लिहून ठेवलं आणि आपण काय, तर जयंतीला हार.

लहुजी वस्तादांची समाधी संगमवाडीला आहे, तीही जाऊन बघा. १८८१ मध्ये गेले. मुक्ता त्यांच्याच घरातली, वर ताईंनी लिहिलंच आहे.

नदीकाठची | बुधवार, दुपारी ३:०५

नाव नसलेले चालतील का? १२ जुलै १९६१, पानशेत. आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत नदीच्या बाजूला. आजीने चुलीवरचं दूध तसंच टाकलं आणि दोन पोरं काखेत मारून शनिवारवाड्याकडे पळाली. ती नेहमी म्हणायची, दिवसा आलं म्हणून वाचलो गं. मला वाटायचं नशिबाची गोष्ट सांगतेय.

नशीब नव्हतं. धरणाचं काम पुरतं झालेलं नव्हतं आणि मातीचा बांध खचत होता. लष्कराच्या जवानांनी भर पावसात वाळूची पोती टाकून टाकून तो जमेल तितका वेळ धरून ठेवला. फुटला तो उजाडल्यावर. मग खडकवासलाही गेलं आणि पाणी लकडी पुलावरून वाहिलं. गाव झोपेत असताना ते आलं असतं तर हा धागा काढायला आमच्यापैकी बरेच जण नसते. त्यातल्या एकाही जवानाचं नाव मला सांगता येत नाही. आजीलाही येत नव्हतं, पण लष्कराचा ट्रक दिसला की ती उभी राहायची.

हिंगण्याची सून | बुधवार, संध्याकाळी ५:४०

कर्वे रोडमुळे अण्णा कर्वे सगळ्यांना माहीत. त्यांच्या मेहुणीचं काय? पार्वतीबाई आठवले, अण्णांच्या पत्नी बाया कर्व्यांची बहीण, ऐन विशीत विधवा झालेल्या, देवरूखच्या. हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करायच्या. केशवपन केलेल्या बाईने चारचौघांत उभं राहून भाषण करायचं म्हणजे तेव्हा काय होतं, कल्पना करा. १९१२ मध्ये त्यांनी केस ठेवायला सुरुवात केली. १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांकडे घरकाम करून पोट भरलं, इंग्रजी शिकल्या आणि आश्रमासाठी निधी जमवला. 'माझी कहाणी' मिळाली तर जरूर वाचा. माझ्या सासूबाई आश्रमातल्या शाळेच्या, त्यांच्या तोंडून पहिल्यांदा नाव ऐकलं. मी इंग्रजी बोलायला लाजते म्हणाले, तर त्यांनी पार्वतीबाई ऐकवल्या. तेव्हा राग आला होता.

तुळशीबागवाला | बुधवार, रात्री ९:१०

फरासखान्याजवळच्या मजूर अड्ड्यावर सकाळी माणसं कामाची वाट बघत उभी असतात. तिथेच हुतात्मा भास्कर कर्णिक यांचं स्मारक आहे. देहूरोडच्या दारूगोळा कोठारातली नोकरी. तिथली स्फोटकं बाहेर काढून क्रांतिकारकांना दिली. २४ जानेवारी १९४३ ला कॅम्पातल्या कॅपिटॉल थिएटरात बॉम्ब फुटला, आजचं व्हिक्टरी. काही दिवसांत कर्णिक पकडले गेले. साथीदारांची नावं तोंडून निघू नयेत म्हणून फरासखान्यातच सायनाइड खाल्लं. माझं दुकान दोनशे पावलांवर आहे.

चहाबाज | बुधवार, रात्री ९:३६

रविवारी सकाळी बाहुलीच्या हौदापाशी भेटायचं का? तिथून कर्णिक स्मारक, मग जमलं तर खडकमाळ. आठ वाजता, दुकानं उघडायच्या आत.

रोखठोक | बुधवार, रात्री ९:४८

येतो. पार्किंग कुठे?

तुळशीबागवाला | बुधवार, रात्री ९:५०

गाडी आणू नका. मंडईपर्यंत या, पुढे चालत.

पेठेतला | गुरुवार, दुपारी १:२०

आज मुद्दाम त्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आलो. तो कुरिअरवाला पोरगा काही भेटला नाही. मग दुकानदारालाच घोले कोण ते सगळं सांगितलं, बाहुलीपासून हौदापर्यंत. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "चोवीस वर्षं दुकान आहे काका, बिलावर रोज छापतो, पण विचारलं कुणी नव्हतं." मग माझ्या हातातल्या कागदांकडे बघून, "मुक्ता साळवे? हे पाठपोट काढू का?"

म्हटलं, काढ. दहा प्रती. रविवारी घेऊन येतो.